पूजेला बसलेली सून

आत्याबाई, तुम्हाला मातीत बसवून आलो त्याला आठवडा होत आला, आणि मी अजून दुकानात आतल्या खोलीच्या दाराशीच बसते. तुमच्या गादीवर बसायची हिंमत होत नाही. तुमचे चिरंजीव म्हणतात, बस की, आता तिथं कोण बसणार? त्यांना वाटतं, तुमची आठवण येते म्हणून मी लांब राहते. आठवण येतेच, पण खरं कारण ते नाही. गादीवरून सगळा बाजार दिसतो, म्हणजे बाजारातून गादीवरचं माणूसही दिसतं. मला सध्या कुणाला दिसायचं नाही.

"माझी सून सावलीला बी भिती," असं तुम्ही वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलात. बायका हसायच्या, मीही वरवर हसायची आणि आत जाऊन भांडी आपटायची. आता तसं म्हणणारं कुणी उरलं नाही आणि भीती मात्र वाढली आहे. दुसऱ्या कुणाशी बोलावं तर ते कुणाच्या कानाला लागेल सांगता येत नाही. म्हणून तुमच्याशीच बोलते.

आपल्यात माणसाला आडवं नेत नाहीत. तुम्हाला आंघोळ घालून विमानाच्या डोलीत बसवलं, झेंडूच्या माळा घातल्या, कपाळभर विभूती लावली. स्वामींनी सांगितलं तसं तुमच्या गळ्यातलं लिंग काढून मी तुमच्या डाव्या तळहातावर ठेवलं. बोटं मिटेनात. मी ती एकेक करून मिटवत होते, आणि वर पाहिलं तर विमानाचा पुढचा दांडा खांद्यावर घ्यायला अमोल वाकला होता.

समोरच्या गयाबाईंचा अमोल. ज्याचं नाव तुम्ही फौजदाराला सांगितलंत तोच, जामिनावर सुटून आलेला. खांदा द्यायला आलेल्याला नाही म्हणायची आपल्या गावात रीत नाही, आणि असती तरी त्याला नाही म्हणणारं त्या गर्दीत कोण होतं? तो पार मातीपर्यंत आला. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून खड्ड्यात उतरला, तुम्हाला बसवायचा कोनाडा त्यानं हातानं साफ केला. लोक म्हणत होते, बघा, वैर विसरून पोरगं राबतंय. हातपाय धुऊन तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "काकू, आज्जी गेल्या. आता तुमी जपून राहा."

दुःखाच्या घरी सगळेच म्हणतात, जपून राहा. त्या दिवशी मला ते निदान शंभर जणांनी म्हटलं असेल. पण त्याचं ऐकून माझे पाय गार पडले, ते अजून तसेच आहेत.

तो दिवस तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी सांगते. मला तो कुणाला तरी नीट, पहिल्यापासून सांगायची सवय करायची आहे. बाजारचा दिवस होता. तुमचे चिरंजीव मालाला सोलापूरला गेलेले. तुम्ही गादीवर, मी गयाबाईंना खण दाखवत होते, आणि मधुकर शिंपी नेहमीसारखा आपल्या ओट्यावर मशिनीवर बसून कुणाचा तरी परकर शिवत होता. बाजारामुळं कुणाला जेवायला सवड मिळाली नव्हती. माझी पूजाही राहिली होती, म्हणून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. मी मनात म्हणत होते, गयाबाई एकदाचा खण पसंत करतील तर आत जाऊन लिंगपूजा उरकीन आणि दोन घास खाईन.

मोटारसायकल थांबली. तिघं उतरले. अमोल सरळ दुकानात आला, इतका सरळ, की मला वाटलं आईला न्यायला आलाय. त्यानं गादीजवळचा लोखंडी गज उचलला. तुम्ही चाळीस वर्षं ज्यानं कापड मोजलंत, तो गज. बाहेरच्या दोघांनी दाराला टांगलेली आपलीच सोलापुरी चादर ओढून मधुकरच्या डोक्यावर टाकली आणि त्याचा उजवा हात मशिनीच्या फळीवर धरून ठेवला. तुम्ही उठून उभ्या राहिलात. "अमोल, गज ठेव खाली," म्हणालात. त्यानं ऐकलं. ऐकलं ते मी पाहिलं, कारण तो वळला. पण तुमच्याकडं नाही, आईकडं बघून म्हणाला, "आई, तू घरी जा." मग गज घेऊनच बाहेर गेला आणि तो त्या धरलेल्या हातावर हाणला.

मधुकरनं केलं काय होतं? ग्रामसभेत उभा राहून विचारलं होतं, की आमच्या गल्लीला येणारी नळाची लाइन मधूनच अमोलच्या चुलत्याच्या शेताकडं कशी वळली. चुलते गावचे पुढारी. एवढंच. बोलून तो खाली बसला आणि दुसऱ्या दिवशी परत शिवायला आला. त्याच्या मनात काही नव्हतं. आता त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत.

बाजारातली शटरं एकामागून एक खाली आली. मीही आपल्या शटरची कडी धरली होती. तुम्ही म्हणालात, "आगं, आधी त्याला आत आन." आपण दोघींनी त्याला काखेत धरून आत ओढलं. गयाबाई कोपऱ्यात उभ्या होत्या, हातात हिरवा खण तसाच. त्यांनी तो खाली ठेवला नाही, विकतही घेतला नाही. तो हातात घेऊनच त्या घरी गेल्या आणि आपण कधी मागितला नाही.

संध्याकाळी फौजदार आले. तुम्ही अमोलचं नाव घेतलंत, दुसऱ्या दोघांची घेतलीत, कोण कुठं उभं होतं ते खडान् खडा सांगितलंत. तुमचा आवाज खण मोजताना असतो तसाच होता. मी चहाचा ट्रे घेऊन मागं उभी होते आणि माझी पाळी कधी येते म्हणून घाम पुसत होते. फौजदारांनी विचारलं, "दुकानात आणखी कोण होतं?"

"कुणी न्हाई. मी एकलीच."

"आणि या सूनबाई?"

"ती आत पूजेला बसली होती. आमच्या पूजेत नजर तळहातावरच्या लिंगावरून हालवायची नसती, सायब. भाईर काय चाललंय ते तिला काय ठाव?"

माझं तोंड उघडलं होतं, आत्याबाई. काय बोलणार होते ते मला आजही माहीत नाही. तुम्ही मागं वळून न बघता म्हणालात, "सुनंदा, सायबाचा चा गार झाला. गरम करून आन." मी आत गेले. चूल पेटवली. चहा उतू गेला तरी बघत राहिले. दुकानातून तुमचा आवाज येत होता आणि मला इतकं हलकं वाटत होतं, की त्याचीच लाज वाटली.

गयाबाईंना का वगळलंत ते मला लगेच कळलं. आईला लेकाच्या विरुद्ध उभं करायचं नव्हतं तुम्हाला. पण मला? मी तर त्याची कुणी नव्हते.

त्यावरून आपण भांडायला लागलो ते शेवटपर्यंत भांडलो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी सुरू करायची. लिंगपूजेचं नाव घेऊन खोटं बोललात, हे माझं पहिलं वाक्य असायचं. तुम्ही म्हणायच्या, "शपत घेतली का मी? नुसतं सांगितलं." यावर मला हसू यायचं, पण तुम्ही हसत नव्हता. ज्या संध्याकाळी फौजदार येऊन गेले, त्या संध्याकाळी तुम्ही पूजेला बसलात ते उठता उठेनात. जेवण गार झालं. मी दारातून बघितलं तर तुम्ही लिंगाचा तळहात दुसऱ्या हातानं सावरून धरला होता. मी त्याबद्दल तुम्हाला कधी विचारलं नाही.

कारण तुम्ही खोटं बोलायच्या नाहीत. धंद्यात असून बोलायच्या नाहीत, हे आपल्या दुकानाचं दुखणं होतं. उमापूरकडची ती बाई आठवते? लेकीच्या लग्नाचं कापड घ्यायला आलेली. लाल साडीवर हात ठेवून म्हणाली, "मावशी, लिंगाची शपत घेऊन सांगा, रंग जाणार न्हाई." तुम्ही म्हणालात, "शपत बिपत काय न्हाई. दोन धुण्यात जाईल. न्यायची तर ने." तुमचे चिरंजीव डोळे वटारून बघत होते. मग तुम्ही ती साडी घेऊन स्वतः रस्त्यावर गेलात, उन्हात धरलीत आणि तिला दाखवलंत, की ट्यूबलाइटखाली दिसते तेवढी ही लाल नाहीच. बाईनं दुसरी घेतली, स्वस्तातली. वर तुमच्याकडून पानही खाऊन गेली. चिरंजीव आठवडाभर तुमच्याशी बोलले नाहीत आणि तुम्हाला ते आठव्या दिवशी कळलं.

मला तेव्हा वाटायचं, हा हट्ट आहे. नंतर कळायला लागलं, की तुम्ही प्रत्येक गोष्टीत हट्ट करत नव्हता. चिरंजीवांनी उधळ्या भावकीशी भांडण काढलं तेव्हा तुम्हीच त्यांचा हात धरून घरात आणलं होतं. पाटोद्याच्या पाहुण्यांनी भर पंगतीत तुमचा अपमान केला तेव्हा तुम्ही गप जेवून उठलात. मी चिडले तर म्हणालात, "त्येंच्या लेकीचं लगीन हाय, माझ्या मानाचं न्हाई." कुठं अडून बसायचं आणि कुठं वाट सोडायची, हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं? चौथी शिकलेल्या तुम्ही. मी बारावी झाले, आणि मला अजून गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही.

एकदा मी विचारलं होतं, तुम्हाला भीती वाटत नाही का? गज पोलिसांनी जप्त करून नेला होता आणि तुम्ही टेपनं कापड मोजायला शिकत होता, टेपला शिव्या देत. तुम्ही म्हणालात, "वाटती की. लई वाटती. भीती वाटती म्हणून तर आक्कल ठिकाणावर हाय. ज्याला भ्याच वाटत न्हाई त्यो अमोल." मग थोड्या वेळानं, टेप गुंडाळता गुंडाळता, "सुनंदा, खरं बोलायचं ते माझं मी ठरवलं. त्येचा भार तुझ्या डोक्यावर कावून देऊ? तुला पोरगी हाय."

 पण मला तेव्हा म्हणायचं होतं, आणि आता म्हणते, आता तुम्ही मला चहा गरम करायला पाठवू शकत नाही. आत्याबाई, मलाही काही वाटत असेल, माझंही काही ठरत असेल, असं तुम्हाला एकदाही वाटलं नाही? मी भित्री आहे हे खरं. पण भित्र्या माणसाला डोळे असतात. तुम्ही माझा जीव वाचवलात, आणि वाचवताना मला विचारलं नाही. त्याबद्दल मी तुमच्यावर रागावले आहे, आणि त्याबद्दलच रोज तुमच्या फोटोसमोर डोकं टेकते. दोन्ही एकदमच होतं, त्याला मी काय करू?

मग तुम्ही कोर्टाच्या तारखेच्या आधीच गेलात. साधा ताप म्हणता म्हणता छाती भरली. तालुक्याच्या दवाखान्यातून परत आणलं तेव्हा तुम्ही बऱ्याच शुद्धीवर होतात. मी पाठीला उशी देत होते, तर विचारलंत, "मध्याची बोटं हालतात का गं?" मी म्हटलं, हलतात थोडी. तुम्हाला ते खोटं कळलं. तुम्ही डोळे मिटलेत. आपल्या दोघींमधलं शेवटचं बोलणं ते.

माती झाल्यावर सरकारी वकीलबाईंचा फोन आला. तुम्ही पोलिसांना दिलेला जबाब आहे, पण कोर्टात तुम्हीच नाही म्हटल्यावर त्याच्या जोरावर काही उभं राहत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. मधुकरच्या डोक्यावर चादर होती, त्याला मारणारा दिसला नाही. बाजारात कुणी काही पाहिलेलं नाही. त्यांनी विचारलं, दुकानात आणखी कुणीच नव्हतं का? फोन चिरंजीवांच्या हातात होता. ते म्हणाले, "न्हाई हो म्याडम, आमची मंडळी पूजेला बसली होती." इतक्या सहज म्हणाले, की क्षणभर मलाच वाटलं, बसले होते की काय. त्यांना सगळं माहीत आहे. फोन ठेवून माझ्याकडं न बघता म्हणाले, "आपल्याला हिथंच धंदा करायचाय."

त्यांचंही काय चुकलं? 

दुसऱ्या दिवशी अमोल आला. ओट्यावर, मधुकरची मशीन होती त्या जागी, पाय हलवत बसला. तिथं आता कुणीही बसतं. चहा पाठवला तर प्याला, कप नीट आत आणून ठेवला. मग म्हणाला, "काकू, आज्जी गेली, केस बी गेली. आता मनाला काय लावून घेऊ नका." मी हं म्हटलं. "पूर्वा सकाळच्याच गाडीनं जाती ना माजलगावला? लई गर्दी असती त्या गाडीला. परत यायला बी अंधार करती कधी कधी."

आवाज अगदी घरच्यासारखा. कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, शेजारधर्म आहे. माझी पोरगी कोणत्या गाडीला बसते, कधी परत येते हे त्याला ठाऊक होतं आणि ते मला ठाऊक असावं म्हणून तो चहा प्यायला आला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "पूर्वा कुठली? ती मामाकडं गेली. आता तिकडंच राहणार हाय."

पूर्वा आतल्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करत बसली होती, आत्याबाई. मध्ये पडदा होता फक्त. मला विचार करावा लागला नाही, शब्द शोधावे लागले नाहीत. पोरगी डोळ्यासमोर आली आणि खोटं आपोआप जिभेवर आलं. तेव्हा मला तुम्ही दिसलात, फौजदारासमोर ताठ बसलेल्या, मागं वळून न बघणाऱ्या. इतके दिवस मी समजत होते, की तुम्ही हिशेब करून, तोलून मापून मला बाजूला ठेवलंत. तसं नव्हतं ना? तुम्हाला मी डोळ्यासमोर दिसले असणार. तुमच्याही जिभेवर ते आपोआपच आलं असणार, आणि मग संध्याकाळभर तुम्ही त्याच्याशी झगडत बसला होतात. हे तुम्ही असताना कळलं असतं तर मी इतकी भांडले नसते. निदान भांडण वेगळं झालं असतं.

तो गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, बरं वाटत नाही.

त्याच दुपारी मागच्या दारानं गयाबाई आल्या. आपल्यात सूतक नाही, चूल बंद ठेवत नाहीत, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मामंजींच्या मातीवरून आल्यावर तुम्हीच पिठलं टाकलं होतं आणि शेजारणी तोंडाला पदर लावून बघत राहिल्या होत्या. पण कुणी कडू घास घेऊन आलं तर तो परत पाठवायचा नाही, हेही तुम्हीच सांगितलेलं. गयाबाईंनी ज्वारीची भाकरी आणि पिठलं आणलं होतं. मला समोर बसवून त्यांनी स्वतःच्या हातानं घास भरवला. मला गिळेना. वाटलं, आता सांगतील, माझ्या लेकाचं घर मोडू नको. हा घास घशाखाली उतरला की मी बांधली गेले.

त्या म्हणाल्या, "सुनंदा, तुझ्या सासूनं माझं नाव घेतलं न्हाई. मी होते की तिथं. मला इचारलं असतं तर मी काय बोलले असते, मला बी ठाव न्हाई." मग त्यांनी बांगड्या वर सरकवल्या. मनगटावर काळंनिळं झालं होतं. "म्हातारी गेल्यापसनं त्यो घरात बी हात उचलतोय. म्हनतो, आता मला कोण काय करतंय. मला माझ्याच लेकराचं भ्या वाटतंय गं."

 मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"तू बोल," त्या म्हणाल्या. "माझ्यानं न्हाई व्हणार. मी आई हाय त्याची. आन मी आलते म्हणून कुणाला सांगू नको." उरलेली भाकरी झाकून ठेवून, जशा आल्या तशा मागच्या दारानं गेल्या.

मला त्यांचा इतका राग आला, आत्याबाई. तुम्ही जो भार माझ्या डोक्यावर ठेवला नाहीत, तो या बाईनं पिठल्याबरोबर आणून ठेवला. नवऱ्याची आई मेली म्हणून मी साक्ष द्यायची, गयाबाईंचा लेक मारतो म्हणून मी साक्ष द्यायची, आणि हे सगळे आपापल्या दारामागं. मोठ्यानं हे सगळं भिंतीला बोलले. मग लक्षात आलं, पडद्याशी पूर्वा उभी आहे.

"मी मामाकडं कधी गेले?" तिनं विचारलं. तिनं सकाळचंही ऐकलं होतं.

तिला खाली बसवून सगळं सांगितलं. गज, चादर, फौजदार, पूजा. तिला तुमच्याबद्दल किती अभिमान होता तुम्हाला माहीत आहे. आमची आजी खोटं बोलत नाही, हे ती शाळेत मैत्रिणींना सांगायची. मी तिच्याकडं बघायचं टाळत होते.  ती म्हणाली, "आज्जीनं तुला आत बसवलं. तू मला मामाकडं बसवलंस. उद्या मला पोरगी झाली तर मी तिला कुठं बसवू?"

मी म्हटलं, तुला काही झालं तर मी जगणार नाही. ती म्हणाली, "आई, त्यो रोज स्टॅंडवर उभा राहतो. मी तुला सांगितलं न्हाई, तू भिशील म्हणून." म्हणजे तीही मला वाचवत होती. या घरात प्रत्येक बाई दुसरीला वाचवायला खोटं बोलत होती आणि तो ओट्यावर बसून चहा पीत होता.

मग मी वकीलबाईंना फोन केला. चिरंजीव घरात येरझाऱ्या घालत होते. "इचार केलास का?" एवढंच म्हणाले. केला नव्हता खरं तर. विचार करत बसले असते तर फोन हातातून सुटला असता. नंतर ते स्वतःच पूर्वाला गाडीवरून माजलगावला सोडायला आणि आणायला जाऊ लागले. दुकान त्या वेळी बंद असतं.  तुम्हाला तुमच्या लेकाबद्दल हे कळावं म्हणून सांगितलं.

काल वकीलबाईंकडं जाऊन आले. मला साक्षीला घ्यावं असा अर्ज दिलाय, परवानगी मिळेल म्हणाल्या. मी सांगायला लागले तर दातावर दात आपटत होते. त्यांनी पंखा बंद केला, त्यांना वाटलं थंडी वाजते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, सुनंदाताई, त्यांचा वकील तुम्हाला पहिला प्रश्न हाच विचारणार, की तुमच्या सासूबाईंनी पोलिसांना सांगितलं तुम्ही पूजेला बसला होता. मग त्या खोटं बोलल्या का? इथं तुम्ही अडखळलात तर सगळं गेलं. अमोल समोर असेल, गावातले लोक मागं बसलेले असतील. हो म्हणाल ना?

मला अमोलची भीती वाटते. स्टॅंडची वाटते, मागच्या दाराची वाटते, फोन वाजला तरी वाटते. पण सगळ्यात जास्त त्या एका 'हो'ची वाटते. ज्या बाईनं उन्हात साडी धरून सांगितलं, की हिचा रंग जाणार, तिला मी भर कोर्टात खोटारडी ठरवायची. गाव म्हणेल, सासू मातीत जाऊन महिना झाला नाही तर सुनेनं तिचं नाव घालवलं. म्हणू दे. तुम्ही मला विचारलं नव्हतं, मीही तुम्हाला विचारत नाही.

वकीलबाईंनी बजावलंय, विचारतील तेवढंच बोलायचं, हो किंवा नाही. मी हो म्हणेन. पण तिथं थांबणं मला जमायचं नाही, आत्याबाई. त्या खोटं बोलल्या, कारण त्यांना मी जिवंत हवी होते, एवढं मी म्हणणार आहे. जज्जसाहेब गप्प बसा म्हणाले तरी म्हणणार आहे.